लग्नात गेलेलं भाषण

चहा घ्या, अन् आमच्या वहिनींच्या पहिल्या भाषणाचं ऐका. वहिनी म्हणजे चाकूरजवळच्या आमच्या गावच्या नव्या सरपंच. माइक हातात धरायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. त्या दिवशी देवळात ग्रामसभा अन् शेजारच्या मंडपात लग्न. दोन्हीकडचे वायरलेस माइक दिसायला सारखेच. सेल टाकून, चालू करून मीच वाटून दिले.

वहिनी मान खाली घालून बोलू लागल्या, "पोरींच्या कॉलेजसाठी सकाळी सातची एस.टी. पाहिजे." देवळातल्या आमच्या स्पीकरच्या बॉक्समधून मात्र भलताच आवाज आला, "पाहुणे मंडळी, जेवल्याबिगर कुणी जाऊ नका." दोन म्हातारे लगेच उठले.

माइकची अदलाबदल झाली होती. लग्नातलं बोलणं आमच्या बॉक्सवर, अन् वहिनींचं भाषण अख्खं वऱ्हाड ऐकत होतं. मी माइक बदलायला उठलो, तेवढ्यात बॉक्समधून एका पोरीचा आवाज आला, "सरपंचबाई, मी नवरी बोलते. आता मी ह्याच गावची. कॉलेजचं शेवटचं वर्ष बाकी हाय. सातच्या गाडीत माझी बी जागा धरा."

मी माइक घ्यायला वहिनींपुढं हात केला, तर म्हणाल्या, "राहू द्या, भावजी."

मग त्यांनी मान वर केली, माइक तोंडाजवळ नेला अन् म्हणाल्या, "खिडकीची धरते, बाई."