अर्धा कुठे गेला?

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तंत्रनिकेतनाचे प्राचार्य, व्यासपीठावरील मान्यवर, जिथे बसायला त्या मुळीच तयार नव्हत्या त्या मधल्या खुर्चीवरच्या आमच्या बाई, आणि समोरच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी घड्याळाचं तोंड माझ्याकडे फिरवलंय, तेही मी पाहिलं.

बाईंनी इथे सत्तावीस वर्षं संगणकाची सी भाषा शिकवली. त्यातले पहिले तीन आठवडे दरवर्षी फक्त डेटा टाइप! इंट म्हणजे पूर्णांक, फ्लोट म्हणजे दशांश, कॅरेक्टर म्हणजे एक अक्षर. दहा मिनिटांचं काम, नाही का? पण बाईंच्या प्रयोगशाळेत कीबोर्डला हात लावण्याआधी उभं राहून उत्तर द्यावं लागे. "यात काय ठेवणार? पूर्ण की अपूर्ण? जास्तीत जास्त केवढं?" मग त्या सात भागिले दोन करायला लावत. आम्ही ओरडायचो, साडेतीन! यंत्र म्हणायचं, तीन. "अर्धा कुठे गेला?" बाई विचारायच्या. दोन्ही आकडे पूर्णांक असले की सी उत्तरही पूर्णांकच देते, उरलेलं टाकून देते. यावरून त्यांचं नाव 'साडेतीन बाई' पडलं. बाई, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं असं धरून मी पुढे जाते.

आता पोटातलं ओठांवर आणते. आमच्या वर्षी प्राचार्यांकडे तक्रार गेली होती, की बाईंचे तीन आठवडे फुकट जातात. त्या अर्जावर पहिली सही माझी होती. हसू नका. दुसरी सही करणारे गृहस्थ आज इथेच शिकवतात, आणि त्यांना म्हणे चार आठवडे लागतात!

चार वर्षांपूर्वी आमच्या सात जणांच्या कारखान्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी ऊब देणारी काचेची पेटी बनवली. प्रोग्राम माझा. रुग्णालयात चाचणी होती. त्या वॉर्डात जुनी पेटी एकच, आणि जुळ्यांची आई सातव्या महिन्यातच दाखल झालेली. तापमान साडेसदतीसच्या वर गेलं की घंटा वाजायला हवी. डॉक्टरीणबाईंनी पेटी तापवली. त्यांच्या तापमापकावर ३७.९. आमच्या पडद्यावर ३७.०. घंटा गप्प.

"संध्याकाळपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर पेटी परत न्या," त्या म्हणाल्या.

कुठल्या तोंडाने बाईंना फोन करणार? केला.

"फ्लोटच घेतलाय हो बाई!"

"घेतला असशील. त्यात ओतलंस काय?"

"सेन्सर तीनशे एकोणऐंशी देतो, त्याला दहाने भागते."

"तो दहा पूर्ण की अपूर्ण?"

मी प्रोग्राममधली ती ओळ पुन्हा वाचली. "पूर्ण."

"अगं, भांडं मोठं आणलंस, पण ओतायच्या आधीच सांडलंस की!"

सेन्सरचा आकडा पूर्णांक, दहाही पूर्णांक. ते नऊ दशांश भागाकारातच गळाले होते, बिचाऱ्या फ्लोटच्या वाट्याला नुसते सदतीस आले. मी दहापुढे एक टिंब आणि एक शून्य लिहिलं. पेटी पुन्हा तापवली. ३७.६ झाले आणि घंटा अशी कोकलली की अख्खा वॉर्ड दारात जमा! दहा वेळा तापवली, दहाही वेळा वाजली. डॉक्टरीणबाई कानांवर हात ठेवून हसत होत्या, आणि मी भिंतीला टेकून ढसाढसा रडत होते.

पाचव्या दिवशी जुळ्या मुली झाल्या. एक जुन्या पेटीत गेली, एक आमच्या. आमची पेटी परत गेली असती तर दोघींतली कुठली बाहेर ठेवायची, हा प्रश्न त्या आईला कुणी विचारला नाही. विचारावाच लागला नाही! बाई, हे तुमच्या तीन आठवड्यांचं काम आहे, आणि हे मी आज छाती फुगवून सांगते.

मला बोलायला उभं केल्याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. वेळेचं भान सुटलं, काही उणंअधिक बोलून गेले असेन, तर आपली माणसं म्हणून पदरात घ्या. आणि बाई, जरा सावरून बसा. तिसऱ्या रांगेत खुर्चीवर उभ्या होत्या ना, त्या दोघी आईचा हात सोडवून तुमच्याकडे पळत निघाल्या आहेत.