धारूरचा उतार

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक ट्रकवाला आणि त्याचा मिस्त्री बसले होते.

“जावेदभाई, तुमी इंजिनाचा कॉम्प्युटर सेट केला, अन् उसाचं लोड घेऊन गाडी घाट एका दमात चढली.”

“अन् सायलेन्सरच्या पायपातला ब्रेक? उताराला गाडी तोच धरतो, मी बोललो व्हतो, परमेश्वरभाऊ.”

“बोलला व्हता. धुराला अडतो म्हणून मीच काढाय लावला.”

“मंग उताराला?”

“पायाखालचा ब्रेक तापून गेला. गाडी थांबलीच न्हाई.”

“भाभी केबिनमधीच व्हती?”

“व्हय. चढाला लई खुश व्हती. म्हणली, आज लवकर घरी जाऊ.”

“डॉक्टर काय म्हणतेत?”

“आता उपेग न्हाई, घरी घेऊन जा म्हणतेत.”