नव्या व्हर्जनचं पुस्तक

— नाही हो, ते जाडजूड नका घेऊ. मी नेलं होतं ना मागे. दिसायला भारदस्त, पण पहिल्याच पानावर असं धरून चालतात की तुम्हाला सगळं येतंच — मग पुस्तक घेतलं कशाला माणसानं, सांगा! आणि ते ‘झटपट शिका’वालं, त्याच्या तर वाटेलाच जाऊ नका. तुम्हाला स्वतःसाठीच हवंय ना? ऑफिसात बदललं होय सगळं? शिकाल हो तुम्ही, वय काय तुमचं. मी आमच्या ह्यांच्यासाठी बघतेय. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर असतं ना, त्याचं. हे पाणीपुरवठ्यात ड्राफ्ट्समन आहेत — होते. होते म्हणा.

पूर्वी हातानं काढायचे, बोर्डावर कागद ताणून. शहराच्या पोटातले सगळे नळ, कुठला कुठं वळतो, झडप कुठं आहे, सगळं ह्यांच्या हातचं. मग कॉम्प्युटर आले. बाकीचे जुने लोक कुरकुरले, हे नाही कुरकुरले. हौसेनं शिकले, इतके की नव्या मुलांना हेच शिकवायचे — घरी येऊन मला सांगायचे, आज एकाला रेघ पुसता येईना, म्हटलं अरे बाबा, पुसायच्या आधी ती निवडावी लागते — आणि हसत सुटायचे. म्हणून तर एक दिवस घरी येऊन म्हणाले, ‘काहीतरी बदललंय गं, बटणं जागेवर नाहीत,’ तेव्हा मला खोटं का वाटावं? म्हटलं, नवं व्हर्जन आलं असेल. ह्याच दुकानातून नव्या व्हर्जनचं पुस्तक नेलं. वाचलं, म्हणाले पुस्तक भिकार आहे. दुसरं नेलं. तेही भिकार. मीसुद्धा शिव्या घातल्या लिहिणाऱ्याला, ह्यांच्या बरोबरीनं — असली पुस्तकं छापतात तरी कशाला म्हणून! त्या बिचाऱ्याचं काहीसुद्धा चुकलं नव्हतं हो.

ह्यांचे ऑफिसातले साहेब, माणूस चांगला. त्यांनी मलाच बोलावून घेतलं आणि स्क्रीनवर ह्यांचा नकाशा दाखवला. एक नळ काढला होता — रस्त्याखालून निघालेला, वळत वळत जाऊन परत स्वतःलाच मिळालेला. पाणी यायचं कुठून, जायचं कुठं, काही नाही. मग डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, घरून इथं कसे आलात? तर ह्यांनी जमिनीखालची वाट सांगितली — कोपऱ्यावर मोठी लाइन, तिथून डावीकडे फाटा, शाळेपाशी झडप — सगळं बरोबर! डॉक्टर म्हणाले, छान, आणि आता वरची वाट सांगा. ती नाही आली. औषध? आहे ना, देतात. त्यानं विसरणं थांबत नाही, फार आशा ठेवू नका, असं स्वच्छ सांगितलंय.

मुलगी म्हणते, आई, पुस्तकं आणणं बंद कर, तू फसवतेस त्यांना. बरोबर आहे तिचं. ती परगावी असते, फोनवर सगळं बरोबरच असतं. पण इस्त्रीचा शर्ट घालून माणूस सकाळी घरच्या कॉम्प्युटरसमोर बसतो, म्हणतो एवढं जमलं की परत कामावर बोलावतील — त्याला सांगायचं काय? नाही बोलावणार, असं? सांगितलं होतं एकदा. रडले. दुपारपर्यंत विसरले — म्हणजे कशासाठी रडलो ते विसरले, डोळे सुजलेले ते तसेच. पुन्हा नाही सांगितलं मी.

आणि नवं पुस्तक का, तर जुनं पुढे केलं की म्हणतात, हे मी वाचलंय — आणि मग काहीच येत नाही म्हणून घाबरतात. नवं असलं की येत नाही ते साहजिकच वाटतं, हो ना? मी शेजारी बसून वाचून दाखवते. मला कुठं काय येत होतं? आता रेघ येते, गोल येतो, सगळं येतं. ते मला मॅडम म्हणतात. हो — क्लासच्या मॅडम. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला थट्टा वाटली, मीही म्हटलं, ‘बोला, काय अडलंय?’ तर खुर्चीतून उठून उभे राहिले हो! अख्ख्या संसारात मी आले म्हणून कधी उठले नव्हते. पण सोपं जातं तसं. बायकोवर चिडायचे, मॅडमवर नाही चिडत. बायकोच्या हातून गोळी घेत नव्हते, मॅडमनं सांगितलं धड्याआधी घ्यायची, की घेतात. मुलीला नाही सांगितलेलं हे. तुम्हाला का सांगत बसलेय कोण जाणे.

परवा धडा संपला तशी म्हणाले, ‘निघतो मॅडम. घरी बायको वाट बघत असेल.’ म्हटलं, ‘बसा की, तिला कसली घाई?’ तर म्हणाले, ‘नाही, मी गेल्याशिवाय ती जेवत नाही.’ आणि चपला घालून चालायला लागले. मी मागोमाग फाटकापर्यंत. म्हटलं, अहो, आलं घर, आत चला. तर असे बघायला लागले — कोण ही बाई, असे. हात धरला तर झिडकारला. ‘सोडा,’ म्हणाले, ‘तिनं पाहिलं तर काय वाटेल तिला?’ शेवटी शेजारच्यांनी आत आणलं. तेव्हापासून कॉम्प्युटरसमोर बसतच नाहीत. भिंतीकडे तोंड करून असतात.

— काय म्हणालात? मग पुस्तक कशाला?

तुमचं मिळालं ना तुम्हाला? झालं तर मग. जा तुम्ही.