आवड : वाचन

— तो नको, तो ठेवा खाली. तो मोठा आहे, म्हणजे चांगला आहे, पण मोठा आहे, हे असं बघा, एका हातात धरला की अंगठा पलीकडे पोचतच नाही, आणि अंगठा पोचला नाही तर पान कसं उलटणार, दुसऱ्या हाताने? दुसरा हात मोकळा पाहिजे ना — खायला. ताईला हं. ताईला वाचताना काहीतरी खायला लागतं. भैया, वो छोटावाला दिखाओ ना — नहीं, वो नहीं, उसके बाजूवाला, काला. हां, वही. बघा हा! अय्या, किती हलका आहे, पापडासारखा, घ्या ना हातात. मोबाइलवर उताणं झोपून वाचायचं म्हणजे काय होतं माहितीये, डुलकी लागली की धप्पकन नाकावर. माझं — ताईचं नाक एकदा सुजलं होतं. नाही नाही, आता बरं आहे, तुम्ही बघायला आलात तेव्हा नव्हतं ना सुजलेलं? मग!

आणि मला एक सांगा, तुम्हाला हाक काय मारायची? आईने ताकीद दिलीये की साखरपुडा होईपर्यंत जिजू म्हणायचं नाही, पराग दादा म्हण. पण तुम्हाला मी दादा म्हटलं तर तुम्ही ताईचे कोण झालात? बघा, तुम्हाला पण कसंतरीच वाटलं. त्यापेक्षा 'अहो' बरं. अहो, मी खरं तर एवढं बोलत नाही हं कधी, दिव्याला विचारा — दिव्या माझी मैत्रीण, आत्ता मी तिच्याकडे प्रोजेक्ट करतेय असं घरी सांगितलंय — शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा माझं 'प्रेझेंट' त्यांना ऐकूच जात नाही. पण तुमचा मेसेज आला ना, की नीलिमाला साखरपुड्याला ई-रीडर द्यायचाय, तिला कळू न देता तू निवडायला येशील का, तेव्हापासून मला काय होतंय कळत नाही. नवघरहून शेअर रिक्षात बसले तर उतरायचं विसरले, स्टेशनच्या पुढे गेले, तिथून धावत आले. आणि हे दुकान! एवढे ई-रीडर एका काचेखाली! मला आजवर एकसुद्धा हातात धरायला मिळाला नव्हता.

थांबा, एक मिनिट, मापाने बघू. हे बघा, इतिहासाच्या पुस्तकात ठेवला आणि पुस्तक असं अर्धं उघडं धरलं — दिसतोय? नाही ना? समोरून बघा, सर समोर उभे राहतात तसे उभे राहा. आता? काहीच दिसत नाही! भूगोलात पण बसेल. एकदम मस्त — काय? ताईला कशाला इतिहासाचं पुस्तक? ते... लॅबमध्ये... ताई काउंटरवर बसते ना, रिपोर्ट देते लोकांना, तर समोर एखादी फाइल असेलच की. फाइलमध्ये बसेल. तेच म्हणत होते मी. आणि हा उजेड बघा, भैयाने पिवळा केला, चादरीच्या आत घेतला तरी बाहेर दिसायचा नाही, नाहीतर बाबा ओरडतात झोप म्हणून. ताईला! ताईलाच ओरडतात. मोठी झाली म्हणून काय झालं? हसताय का?

काय म्हणतोय हा? रेघ मारता येते? खरंच? बोट ठेवून ओढलं की वाक्याखाली रेघ, आणि अशी सगळी वाक्यं एका जागी जमा होतात? अहो, हे तर तुमच्यासाठीच आहे! तुम्हाला वाक्यं जमवायला आवडतात ना, मला माहितीये, मी तुमचं स्टेटस बघते रोज — रोज नाही, अधूनमधून. ते मागे ठेवलं होतंत ना, 'आधी फणस कापू, भांडण नंतर बघू', आणि खाली त्या तरीवाल्याच्या, होडीतून माणसं पलीकडे पोचवतो त्याच्या, कादंबरीचं नाव, लेखकाचं नाव, दोन हृदयं. ते बघून मी घरभर नाचले. आईला वाटलं झुरळ आलं. मी म्हटलं, माझं वाक्य! माझं वाक्य एवढ्या लोकांनी —

काही नाही.

काही नाही म्हटलं ना. भैया, इसका कव्हर अलग से लेना पड़ता है क्या? — अहो, तुम्ही तो खाली का ठेवलात? उचला ना. असं बघू नका. बरं, ऐका, पण ताईवर चिडायचं नाही. ते वाक्य त्या कादंबरीत नाहीये. वाक्यच काय, फणसच नाहीये. त्या तरीवाल्याचा मुलगा भांडून जातो तो परत येतच नाही, तो म्हातारा धक्क्यावर बसून वाट बघतो आणि वाट बघता बघता मरतो, आणि लेखक नंतर चार पानं नुसतं पाण्याचं वर्णन करतो. तुम्ही तर वाचलीये, तुम्हाला माहिती असणार —

काय? शोधलंत? फणस शोधलात तुम्ही? पूर्ण शेवटचं प्रकरण परत वाचलंत? आणि सापडला नाही तर... तुम्हाला वाटलं तुमच्या पुस्तकाची पानं गळलीत? आई गं. थांबा, मला हसू द्या. आणि मग दुसऱ्या दुकानात जाऊन दुसरी प्रत चाळलीत, आणि तिच्यातही नाही म्हटल्यावर वाटलं ताईकडची आवृत्ती जुनी असणार! अहो, छापलेल्या दोन पुस्तकांपेक्षा ताईचं खरं वाटलं तुम्हाला? आणि तरी स्टेटस! वर लेखकाच्या नावाने! त्या लेखकाने कुठे बघितलं असतं तर म्हणाला असता, मी कधी लिहिला हा फणस! भैया, कुछ नहीं हुआ, पानी नहीं चाहिए, मैं हँस रही हूँ।

मी घातला तो फणस. ताई रडायला लागली होती ना. म्हातारा धक्क्यावर बसलाय एवढंच सांगितलं तर तिचे डोळे भरले, म्हणाली, त्याचा मुलगा नाही आला तर मी जेवणार नाही. मग काय करू? मी म्हटलं आला, एसटीतून उतरला, खांद्यावर एवढा मोठा फणस. आणि बाप त्याला बघून ओरडत नाही, रडत नाही, नुसतं म्हणतो, 'आधी फणस कापू, भांडण नंतर बघू.' ताई एवढी खूश झाली, तिने मला दोनदा सांगायला लावलं. आणि तुम्ही दोघं उत्तनला फिरायला गेलात, डोंगरीच्या पुढे बोटी लावतात तिथे, तेव्हा तिने तुम्हाला सांगितलं, तुम्ही स्टेटस ठेवलंत, झालं.

हो. मी सांगते तिला. म्हणजे हो, तेच, ती वाचत नाही.

नाही, अजिबात नाही. एक पानसुद्धा नाही. बायोडेटात लिहिलंय ना, 'आवड : वाचन, स्वयंपाक, गायन' — गायन नाही, गायन काढलं बाबांनी. तो आमच्या चुलत बहिणीचा बायोडेटा होता, बाबांनी त्यावरून ताईचा केला, नाव बदललं, उंची बदलली, आणि म्हणाले गायन काढू, कोणी गाऊन दाखव म्हटलं तर पंचाईत. वाचन राहू दे, वाचून दाखव असं कोणी म्हणत नाही. तुमच्या बायोडेटातही वाचनच होतं, पण तुमचं खरं निघालं, हे कोणाला माहिती! कोणाचं खरं असतं का ते?

अहो, दाराकडे काय बघताय? रविवारी साखरपुडा आहे. हॉल सांगितलाय. ताईने साडी फॉल लावायला टाकलीये, ती रोज त्या बाईला फोन करून विचारते झाला का, झाला का, आणि ताई कधी कोणाच्या मागे लागत नाही हो, ही पहिलीच वेळ. माझ्या तोंडामुळे काही मोडलं तर मी — ऐका, ती खोटं बोललेली नाही. आठवून बघा. तुम्ही तिला विचारलंत का, 'तू हे वाचलंस का?' नाही विचारलंत. तुम्ही विचारलंत, 'तुला ती तरीवाल्याची गोष्ट माहितीये?' ती म्हणाली, हो. माहितीच होती! तुमच्यापेक्षा जास्त माहिती होती, फणसासकट!

आणि तिला वाचायचा कंटाळा नाहीये, तिचे डोळे दुखतात. दिवसभर स्क्रीनवर लोकांचे रिपोर्ट, बारीक बारीक आकडे, एक चुकला तर कोणाचा तरी जीव टांगणीला, म्हणून ती प्रत्येक रिपोर्ट परत परत बघते. घरी आल्यावर मसाल्याच्या पाकिटावरचं लिहिलेलंही मला वाचायला लावते. मग ती कोमट पाण्यात पाय सोडून बसते, मी शेजारी मेथी निवडते, आणि मी दिवसभरात जे वाचलं ते सांगते. ती नुसती ऐकत नाही हं. भांडते. ती म्हणते, या बाईने असं पत्र लिहिलंच नसतं, हिला राग आलाय, राग आलेला माणूस एवढं लांब लिहीत नाही. आणि मी परत जाऊन बघते तर खरंच, ते पत्र खोटं असतं, दुसऱ्याच कोणीतरी लिहिलेलं! मी वाचून मला कळलं नव्हतं, तिला ऐकून कळलं. मी पुस्तक संपवते, विसरते. तिला सगळ्यांची नावं आठवतात. मागे एकदा लॅबमधून फोन करून म्हणाली, अगं, त्या सुताराच्या धाकट्या मुलीचं काय झालं, तू सांगितलंच नाहीस. मला सुतारच आठवेना.

हसलात! हसलात ना? मग रविवारी आहे ना? हो? नक्की? हुश्श. भैया, अब पानी दो।

पण मग हा कशाला घेताय? नका घेऊ. मी खरं सांगते, ताई काय करेल, खोक्यातून काढणारही नाही, साड्यांच्या कप्प्यात ठेवेल, आणि आल्यागेल्याला दाखवेल, ह्यांनी दिला. माझी आयडिया अशी होती की तो आमच्या हॉलमध्ये पडून राहील आणि मग... म्हणून अंगठा. म्हणून इतिहासाचं पुस्तक. तुम्हाला कळलंच होतं, तुम्ही मघापासून माझ्या अंगठ्याकडे बघताय. पण ती डिसेंबरमध्ये पालघरला येणार तुमच्याकडे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. म्हणजे ती जाणार हे होतं, साड्या, हॉल, मेहंदी सगळं होतं. पण संध्याकाळी ती पाण्यात पाय सोडून बसेल आणि समोर कोणीच... तिथे कोण सांगणार तिला? फोनवर? तुमच्या आई म्हणतील, ही रोज अर्धा अर्धा तास माहेरी काय कुजबुजते. आणि मी इकडे मेथी कोणासमोर निवडू?

तुम्हाला मोठ्याने वाचता येतं का?

बँकेत काम करता ते माहितीये, वाचता येतं हेही माहितीये, मोठ्याने येतं का? दुसऱ्याला ऐकावंसं वाटेल असं? माहिती नाही म्हणजे? कधीच कोणाला वाचून दाखवलं नाही? मग आत्ता बघू. लाजताय काय, इथे कोण ओळखतंय, ते काका वॉशिंग मशिन बघतायत, त्यांचं लक्ष नाही. भैया, इसमें कुछ मराठी है क्या? कुछ भी, फ्री में जो आता है। हां, वो सॅम्पल चलेगा, वो पहला चॅप्टर। अय्या, जोडाक्षरं किती सुबक दिसतायत. हं, घ्या. वाचा.

नाही, नाही, थांबा. बातम्या देताय का? 'वारा सुटला होता' — वारा सुटलाय हो, हवामानाचा अंदाज नाहीये तो! आणि ती बाई एकटी बोटीतून उतरतेय, पत्र्याची पेटी घेऊन, तिला घाई नाहीये, तुम्हाला कसली घाई? परत. पहिल्यापासून.

हं. बरं आहे. पूर्णविराम आला की श्वास घ्या, ताईला तेवढ्यात काहीतरी म्हणायचं असतं. आणि मध्ये झोपली तर थांबायचं, पुढे जायचं नाही, दुसऱ्या दिवशी ती बरोब्बर सांगते कुठपर्यंत आलं होतं. आणि कोणी मरणार असेल तर आधी स्वतः बघून ठेवायचं, मग काय ते ठरवू, मला फोन करा, फणस वगैरे बघते मी. वाचा.

हं.

हमाल पेटी उचलायला येतो आणि ती त्याला हात लावू देत नाही... का? नाही नाही, तुम्ही वाचा, मी आपलं असंच.

पेटी हलली? आपोआप? आवाज असाच ठेवा हं, हळू, असाच छान वाटतो. ते काका पण बघा, वॉशिंग मशिन सोडून इकडे आले. वाचा, वाचा.

आतून कोणीतरी ठोकलं! — आणि? कोण आहे आत? थांबू नका ना, पूर्णविराम कुठे आलाय — काय? संपलं? असं कसं संपलं, पेटी उघडलीच नाही अजून! भैया, आगे का? आगे का दिखाओ ना। खरीदना पड़ेगा? इसमें नहीं आएगा? अहो, ऐकलंत, डेमोवर पुढचं येत नाही, आधी घ्यावा लागतो, मग पुस्तक घ्यायचं, मग पेटी. मग बघताय काय? मोठा, छोटा, कुठलाही, तुमच्या अंगठ्याला जमेल तो घ्या, धरणार तुम्हीच आहात. हां भैया, यही। काका, तुम्ही थांबताय ना? बसा, ते स्टूल ओढा. नहीं नहीं भैया, डिब्बे में मत डालो, चालू करके दो — ये अभी पढ़ेंगे। मी? मी आता एक अक्षर बोलणार नाही.