मुख्य माणूस कडेला

उज्जैनला फ्रीगंजातल्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी थांबलो होतो. माझ्यापुढे सत्तरीकडे झुकलेलं एक जोडपं प्रिंट बघत होतं.

"अहो, पंचाहत्तरी अक्कांची, आणि मधोमध नुसत्या घाटाच्या पायऱ्या?"

"नंदा, मुख्य माणूस कडेला ठेवायचा असतो. ऑनलाइन क्लास केलाय मी."

"अक्का काही म्हणाल्या नाहीत?"

"म्हणाली, तुला पायऱ्या नीट दिसत नसतील तर मी अजून सरकते."

"त्यांना भिंतीवर लावायला एक तरी धड फोटो हवाय. ह्यात तर अर्ध्याच दिसतायत."

"देवळाचं शिखर मावेना, म्हणून मी मागे मागे सरकत होतो."

"हा मात्र छान आलाय. अक्का मधोमध, आणि किती मनापासून हसतायत."

"तो मी नाही काढला. राम घाटावरच्या पंडाजींनी काढला."

"मग तुम्ही कुठे होतात?"

"कोपऱ्यात बघ. पाण्यात."

"घरी तर म्हणालात, क्षिप्रेत डुबकी मारून आलो."

"मारलीच की. शर्ट-पँटसकट. कॅमेरा तेवढा पंडाजींनी वरच्या वर झेलला."

"अक्कांना हाच द्यायचा."

"भैया, ये वाला बड़ा कर दो. और कोना मत काटना, मुख्य आदमी उधर ही है."