ग्रीसने हात काळे होतील

मरणाच्या आदल्या दुपारी एवेलियो अंगणात मोटारसायकलच्या चाकांच्या तारा सोडवत बसले होते. त्यांची मुलगी नोएलिया मदतीला वाकली, तर म्हणाले, "राहू दे, ग्रीसने हात काळे होतील." ती आत गेली.

आज त्याच चाकांच्या रिकाम्या रिमा घेऊन ती पेरेइरा शहरातल्या, पावडरचा रंग भाजून चढवणाऱ्या भट्टीपाशी रांगेत उभी होती. पुढे तारांसकट चाक घेतलेला एक म्हातारा आणि त्याची मुलगी.

"पप्पा, तारांसकट चाक भट्टीत घालायचं नाही!"

"का गं, शहाणे?"

"आट्यांत रंग भाजून बसला की तार आवळता येत नाही. चाक वाकडंच फिरणार."

"मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत की!"

"कुठलं! मानगुटीवर बसून शिकलीस. अंगणभर ग्रीस."

"आणि आईच्या चादरीला हात कोणी पुसले?"

"हळू बोल. चल घरी, सोडवू तारा. पाना तू धर."

चाक उचलून निघालेल्या त्या पोरीची काळी नखं नोएलियाच्या डोळ्यांत खुपत राहिली.

"ताई, तारा झकास सोडवल्यात," भट्टीवाला म्हणाला. "कोणी?"

"पप्पांनी."

त्याने रिमा उचलल्या. तिने एकीची कड धरून ठेवली.

"पप्पा," ती मोठ्याने म्हणाली, "मला हात काळे करून घ्यायचे होते."