बाई, डोळे मिटायचे नाहीत

नाही नाही, बाई, पापणी खाली येतेय, मला दिसतंय — वर, वर घ्या. हां. माझ्याकडे बघा. मी कोण, सांगा बघू. सत्यशीलाबाई, मी कोण? … बरं, नका सांगू, मीच सांगते — श्रद्धा, या व्यसनमुक्तीच्या घराची वॉर्डन, आणि तुम्ही, ज्यांनी जन्मभर मुलींना गणित शिकवलं, त्या आत्ता बाथरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये कुशीवर पडला आहात, डोक्याखाली माझी जीन्स आहे, धुतलेली आहे, नाक मुरडू नका. आणि काय झालं तेही सांगते, कारण तुमच्या चेहऱ्यावरून वाटतंय की काहीच झालेलं नाही, पोरगी उगाच तमाशा करतेय — तर तुम्ही मॉर्फिनच्या गोळ्या खाल्ल्यात, ओठ निळे पडले, श्वास थांबला, आणि मी इंजेक्शन दिलं. हो, मीच. कुकरची शिट्टी झाली की किंचाळते ती.

आणि आता झोपायचं नाही. का नाही? कारण हे इंजेक्शन आधी उतरतं आणि गोळ्या नंतर. म्हणजे राखणदार घरी जातो आणि चोर अजून आतच — पुन्हा श्वासावर येऊन बसेल. म्हणून अँब्युलन्सवाले वर येईपर्यंत तुम्ही डोळे उघडे ठेवायचे आणि मी बोलत राहायचं, असं फोनवरच्या बाईंनी सांगितलंय. म्हटलं, तेवढं जमेल. माझी आई म्हणते, या मुलीला गप्प बसवायचं म्हणजे — जाऊ दे, आईचा विषय नको, तिला वाटतंय मी बँकेत आहे.

मला कळलं कसं, विचारा की. पाढ्यांमुळे. आपल्या बाथरूमला आतून कडी नाही, आत गेलं की गात राहायचं, गाणं थांबलं की बाहेरच्याने दार ढकलायचं — या नियमावर सगळ्यात जास्त कोण भांडलं? तुम्ही. ‘मी काय नटी आहे?’ म्हणालात, आणि दुसऱ्या दिवसापासून आत पाढे सुरू, तेही पावकी आणि दिडकी, तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या मेहजबीनला बिचारीला वाटायचं तुम्ही तिच्यावर काहीतरी मंत्र टाकताय. आज मी काकडी कोचवत होते, आत दिडकी चालली होती, आणि थांबली. आधी वाटलं, विसरल्या. मग वाटलं — बाई? दिडकी विसरल्या? काकडी तशीच टाकून पळाले. तरी दार ढकलायच्या आधी टकटक केली, त्याला इलाज नाही, वळणच तसं लागलंय.

मग छातीच्या हाडावर मुठीने रगडलं, कानात ओरडले — काही नाही. मेहजबीनने औषधाचा डबा आणला. डॉक्टरांनी आम्हाला मोसंब्यावर टोचायला शिकवलं होतं, आठवतंय? तुम्ही मागे बसून म्हणालात, हिच्या हातून मोसंबं नक्की वाचेल. तर पहिली कुपी मी अशी मोडली की औषध सगळं माझ्या कुर्त्यावर. दुसरी नीट भरली, मांडीत, बाहेरच्या बाजूने, साडीवरूनच — फक्त डोळे मिटले होते माझे. मेहजबीन म्हणाली, ‘ताई, डोळे उघड, तो माझा पाय आहे.’ उघडले. दिलं. मग तोंडाने श्वास दिला, आणि राग मानू नका, पण जेवताना लसणाची चटणी जरा बेताने घेत चला. जीव जाणाऱ्याचं ठीक आहे हो, देणाऱ्याचाही विचार करावा.

फोन तर मी कुजबुजत केला. का? दुपारचे दोन वाजलेत, कोथरूड झोपलंय, आणि सोसायटीला आपण सांगितलंय की हे नोकरदार महिलांचं वसतिगृह आहे — एकही बाई नोकरीला जाताना दिसत नाही, तरी कुणी विचारलं नाही, पुण्यात चौकशासुद्धा चारनंतरच करतात. फोनवरच्या बाई म्हणाल्या, मोठ्याने बोला, पेशंटला काय झालंय? मी म्हटलं, श्रीखंड बाधलंय. खरंच म्हटलं, तोंडात तेच आलं. मग तुमच्या ओठांकडे बघितलं आणि खिडकीतूनच ओरडले — ओव्हरडोस, मॉर्फिन, श्वास नाहीये, पत्ता घ्या. समोरच्या शालनकाकू खिडकीत आल्या. म्हटलं, संपलं, उद्या आपल्या गाद्या रस्त्यावर. तर म्हणाल्या, ‘अगं, मरायचंय तर चारनंतर मरा म्हणावं.’ आणि वळून नवऱ्याला म्हणाल्या, उठा, आपली गाडी हलवा, अँब्युलन्सला आड येईल.

ऐकू येतंय? आलीये. गेटवर आहे. गेटवर का आहे? कारण आपले वॉचमन महिपतीमामा. त्यांच्या फोनमधल्या त्या अ‍ॅपवर फ्लॅटच्या मालकाने ‘हो’ दाबल्याशिवाय ते फाटक उघडत नाहीत, आणि आपले मालक सुदर्शन सर अमेरिकेत, तिथे अजून उजाडलंही नसेल. मेहजबीन खाली भांडतेय — ऐका — ती म्हणतेय, ‘मामा, बाई जातील वरती,’ आणि ते म्हणतायत, ‘जाऊ दे की, जाणाऱ्याला अडवत नाय आपण, येणाऱ्याला अडवतो.’

बाई? … बाई, डोळे. हे असं नाही करायचं. चिमटा काढतेय खांद्याला, लागलं? लागू दे. श्वास घ्या. अजून एक. … हां. हां. असं घाबरवू नका हो, मी उंदराला घाबरते.

मला माहितीये तुम्ही रागावलात. अंग मोडून आलंय, नाक गळतंय, आणि वर सगळ्या सोसायटीला कळलं. घरी कपाट आवरायला गेलात आणि तुमच्या मिस्टरांच्या कॅन्सरच्या औषधांतली एखादी पट्टी मागे राहिलेली सापडली, हो ना? तिथूनच तर सुरू झालं होतं सगळं, ते गेल्यावर. आणि आज पूर्वी घ्यायचात तेवढ्याच घेतल्यात. इतके महिने बंद होतं, शरीराची सवय गेलेली — जुन्या गणिताचं उत्तर नव्याला कसं चालेल? … हसलात? नाही? झोप येतेय? नको ना. बोला काहीतरी. शिवी द्या. मला ‘ढ’ म्हणा. बाई, काय सांगू म्हणजे तुम्ही जाग्या राहाल, मी पहिल्या तारखेपासून इथे नसणार आहे, राजीनामा देतेय —

अरेच्चा. डोळे केवढे उघडले. हे सांगायचं नव्हतं खरं, पण — बघा, बघा, किती छान बघताय. थांबा मग, अजून आहे. का देतेय? कारण वॉर्डनने पेशंटच्या नातेवाइकाशी असलं काही — नियमात बसत नाही. कुठल्या पेशंटच्या? मिटू नका, सांगते. तुमचा भाचा. दत्तप्रसाद. दर रविवारी तुम्हाला भेटायला येतो ना — तो तुम्हाला भेटायला येत नाही. म्हणजे तुम्हालाही भेटतो, असं नाही की — बाई, उठू नका, आडव्या राहा, कुशीवर. कधीपासून? गणपतीपासून. त्याने काय पाहिलं माझ्यात? मलाही कळत नाहीये, त्यालाच विचारा, पण त्यासाठी आधी जगायला लागेल. हो, घरी सांगणार आहोत, त्याच्या आईला, म्हणजे तुमच्या बहिणीला, आणि त्याच्या आईची मला इतकी भीती वाटते की आम्ही ठरवलं होतं, बाई बऱ्या झाल्या की त्यांनाच पुढे घालायचं. त्यामुळे तुम्ही आज गेलात तर माझं लग्न मोडतं. सरळ हिशेब आहे. बाकी तुमच्यावर माझा जीव वगैरे आहे, ते वेगळं.

फाटक उघडलं. उघडलं, बाई. अँब्युलन्सला डिलिव्हरीमध्ये टाकलं बहुतेक, त्याला परवानगी लागत नाही. जिन्यावर पावलं — इकडे, इकडे दादा, पॅसेजमध्ये, चप्पल राहू द्या — नॅलॉक्सोन दिलंय, एक कुपी, आधीची माझ्या कुर्त्यावर आहे, श्वास चालू आहे पण मध्येच मंदावतोय — काय बाई? बोललात? परत म्हणा. … स्वयंपाक? तुमचे ओठ निळे झाले होते आणि तुम्ही मला विचारताय, स्वयंपाक — येतो. वरणभात येतो. पोळ्या नाही येत.

काय दादा? सोबत नातेवाईक कोण येणार? नाही, त्यांचं इथे कुणी — मी वॉर्डन आहे फक्त, मी — बाई, माझ्याकडचं बोट खाली घ्या. अहो, त्यांना कशाला दाखवताय, मी अजून — बरं. बरं, येते. मास्क लावतायत, लावू द्या. आणि आता गप्प. दोघीही.